मौजे धावडखेडा : निरंक

सकरीमाय ग्रामपंचायतीत आली की आधी माझ्या पेनाकडे बघायची, मग माझ्याकडे. पेन टेबलावर पडलेलं असेल तर ती बोलायला सुरुवातच करायची नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची. मी पेन हातात घेतलं की एक पाऊल आत टाकून म्हणायची,

"शेवंताच्या सुनेला पोरगी झाली. काल, दिवस उगवता. लिव्ह."

"दवाखान्याचा कागद आला की लिहिते, माय."

"कागद येईल तवा येईल. पोरगी आली ना? लिव्ह."

रजिस्टरात तसं लिहिता येत नाही. मग तिच्या समाधानासाठी मी माझ्या डायरीत एक ओळ लिहायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण ओळ पुरी झाली की नाही हे तिला बरोबर कळायचं. लिहून झालं की मी पेनाला टोपण लावते. ही माझी सवय तिनं पहिल्या दोन-तीन भेटींतच हेरली होती. टोपण लागल्याचा आवाज आला की ती "हां" म्हणायची आणि काठी उचलून निघायची. खुर्चीवर ती कधी बसली नाही. बसा म्हटलं तर म्हणायची, "बसायला घर हाय की मला."

मी ग्रामसेवक आहे. सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या पलीकडे, माझ्याकडे गट ग्रामपंचायत होती: एक मोठं गाव, दोन वाड्या, सडकेच्या कडेचा एक तांडा, आणि पाचवं एक गाव फक्त कागदावर. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणायची रीत आहे. बाई आली तेव्हा बाकीच्यांनी मॅडम म्हणायला सुरुवात केली, सकरीमायनं केली नाही. "भाऊसाहेब, आज हिरवं लुगडं नेसलीस, बराबर दिसून राहिलं," असं ती भर मासिक सभेत म्हणाली होती. सभेतले पुरुष हसले. ती कोणाकडे बघून हसली नाही, कारण तिच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

जन्म-मृत्यूची नोंद हे माझं काम. तांड्यातली एकही नोंद माझ्याकडे उशिरा आली नाही, कारण सकरीमाय रोज फिरायची. कोणाला दिवस गेलेत, कोण माहेरी आलीय, कोण अंथरुणाला खिळलंय, सगळं तिच्याकडे असायचं. तालुक्याच्या बैठकीत वेळेत नोंदी केल्याबद्दल माझं दोनदा नाव घेतलं गेलं. मी उठून उभी राहिले, टाळ्या घेतल्या आणि बसले. सकरीमायचं नाव मी तिथं घेतलं नाही. ते घ्यायला हवं होतं हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. पण ही लहान गोष्ट झाली.

मला याद्या करायची सवय आहे. रोज सकाळी डायरीत दिवसाची कामं नंबर घालून लिहिते, झालेल्यावर बरोबरची खूण करते, राहिलेलं दुसऱ्या दिवसाच्या पानावर घेते. माझ्या तीन वर्षांच्या तीन डायऱ्यांत एक काम पानापानावर पुढे सरकत गेलेलं आहे. "सकरीमायसोबत जुन्या तांड्यावर जाणे." त्याच्यापुढे खूण नाही.

जुना तांडा म्हणजे तेच कागदावरचं पाचवं गाव. महसुलाच्या दप्तरात त्याचं नाव मौजे धावडखेडा, आणि नावापुढे कंसात एकच शब्द: बेचिराख. जिथं दिवा लागत नाही ते गाव. आमच्याकडे अशी गावं तालुक्यातालुक्यात आहेत. नाव असतं, शीव असते, गट नंबर असतात, माणूस नसतो. तांड्यातलं कोणी त्याला धावडखेडा म्हणत नाही. त्यांना ते नाव माहीतही नाही. ते म्हणतात जुना तांडा.

बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेण्याचा धंदा बसला, तेव्हा सकरीमायच्या सासऱ्याच्या आज्यानं आणि त्याच्या सोबतच्या घरांनी त्या माळावर बैल सोडले, झाडं तोडली, दगड वेचले आणि जमीन केली. आसपास दुसरी वस्ती नव्हती. पाणी होतं, पण वाईट होतं. ताप यायचा, देवी यायच्या. सकरीमाय हे सगळं असं सांगायची की जणू ती तिथं होती. खरं तर ती आली ती लग्न होऊन, फार नंतर. तिच्या डोळ्यांदेखत झालं ते एवढंच, की विहीर आटली, खालून डांबरी सडक गेली आणि एका उन्हाळ्यात तांडा उठून सडकेला आला.

"समदं आणलं," ती म्हणायची. "ढोरं आणली, भांडी आणली, देव आणले. दाराच्या चौकटी सुदीक उपटून आणल्या. लेकरं तेवढी आणता आली न्हाईत."

त्यांच्यात लग्न झालेलं माणूस गेलं तर जाळतात. बिनलग्नाचं गेलं तर मातीत ठेवतात. जुन्या तांड्याची मोठी माणसं ओढ्याच्या काठी जळली, त्यांची राख पावसानं नेली. घरांचं काही उरलं नाही, भिंतींची माती शेतात मिसळली. राहिली ती फक्त मुलांची जागा. गायरानाच्या एका कडेला, उतारावर, दगडांच्या वाकड्यातिकड्या ओळी. जेवढं लेकरू तेवढा दगड. तान्ह्याला नारळाएवढा, सहा-सात वर्षांच्या पोराला बापाला जेमतेम उचलवेल एवढा.

"किती आहेत, माय?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"दोन ईसा नि तीन," ती म्हणाली. म्हणजे त्रेचाळीस. त्यातली दोन तिची.

दरवर्षी दिवाळीच्या आधी ती या दगडांना चुना लावायची. एका चेपलेल्या डबड्यात चुनखडी भिजवायची, घायपाताच्या वाखाचा कुंचला करायची आणि दोन मैल चालत जायची. एकदा आमचे सरपंच, जे तिच्याच भावकीतले, तिला वाटेत भेटले. सरपंचांना बोलायची हौस.

"काकी, दगडायला चुना लावून राहिलीस, आमच्या घराला लाव की. फुकटात होईल."

"तुह्या घरात जित्ते हायेत ना? तेयला लावू दे."

"अन् तुही सून म्हणते, पाडव्याला आपल्या घरात बापजाद्यांची नावं घेत्यात, तेवढं पुरं हाय. तिथं कशापायी जातीस?"

पाडव्याच्या सकाळी तांड्यात घरोघर निखाऱ्यावर लापशी टाकून पूर्वजांची नावं घेतात. सकरीमाय थांबली. डबडं दुसऱ्या हातात घेतलं.

"नावं बापजाद्यांची घेत्यात. हे कोणाचे बापजादे झाले सांग? हे लेकरंच राहिले. तेयचं नाव घ्यायला कोण हाय?"

सरपंचांनी ही गोष्ट मला हसत सांगितली. सांगता सांगता मध्येच हसायचे थांबले, आणि मग दुसऱ्याच कामाचं बोलू लागले.

एक दिवस ती आली, पेन माझ्या हातात होतंच, आणि ती म्हणाली, "मेलेले लिव्हतेस ना तू? मपले लिव्ह."

मला वाटलं घरात कोणी गेलं. मी रजिस्टर ओढलं. ती त्रेचाळीस मुलांबद्दल बोलत होती. मी तिला समजावून सांगितलं की इतक्या जुन्या मृत्यूची नोंद अशी करता येत नाही, वरून आदेश लागतो, तारीख लागते, पुरावा लागतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं, मेल्याचं नको लिव्हू," ती म्हणाली. "जल्मले व्हते, एवढं तर लिव्ह."

मला तेव्हा तिची दया आली असावी, किंवा त्या दिवशी काम कमी असावं. मी म्हटलं, "रजिस्टरात नाही, पण माझ्या डायरीत लिहून घेते. सांगा नावं." आणि नवीन पान काढलं.

ती सांगू लागली. "गोमा." थांबली. डाव्या हाताची बोटं चाचपली. "गोमा... न्हाई. असं न्हाई येत."

"आठवून सांगा. सावकाश."

"आठवायचं न्हाई हे. चालावं लागतंय. गोमापासून निंघाले की पायाला पुढचं लागतंय, मग तोंडात नाव येतंय. बसून येत न्हाई, उभं राहून बी येत न्हाई." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हे मलाच कळायला हवं होतं. "तू चल. मी चालते, तू लिव्ह."

मी म्हटलं, "येते. गुरुवारी."

गुरुवार हा माझा तांड्याचा दिवस.

मध्यंतरी गायरानात झाडं लावायची मोहीम आली. मी शिपाई रामरावांना मजूर घेऊन पाठवलं आणि स्वतः तालुक्याला गेले. रामराव संध्याकाळी हातवारे करत सांगू लागले, "मॅडम, तिनं खड्डेच घेऊ दिले न्हाईत. जिथं खड्ड्यासाठी फक्की मारली तिथं जाऊन बसली. उठवलं की दुसऱ्या फक्कीवर. म्हणे इथं तुळशी निजलीय, तिथं पाय लांब करून खेमा निजलाय. मजुरायनं टिकाव खाली ठेवले. कोण हात लावतंय?"

"मग झाडं?"

"लावली ना. तिनंच जागा दाखवल्या, दगडाच्या मधमधात. अकरा लिंब. म्हणे लेकरायला सावली व्हईल."

रामरावांनी पाठवलेले त्या अकरा कडुलिंबांचे फोटो मी अहवालाला जोडले. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश येतात, तारीख येते. रोपाच्या मागे, कोपऱ्यात, चुना लावलेले दगड स्पष्ट दिसतात. ती जागा तिथं होती याचा माझ्या माहितीतला एकमेव पुरावा माझ्याच मोबाइलमध्ये होता, आणि तो मी झाडं मोजण्यासाठी वापरला.

आता गुरुवारांबद्दल सांगते.

पहिल्या गुरुवारी जिल्ह्याहून ऑनलाइन बैठक लागली. सकरीमाय तांड्याच्या पाराजवळ थांबली होती. तिच्या हातात पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली होती. "तुझ्यासाठी. तिथं पाणी न्हाई." मी बैठकीचं सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या गुरवारी." दुसऱ्या गुरुवारी गावात टँकरवरून भांडण झालं होतं, ते मिटवता मिटवता दुपार गेली. ती तिथंच, बाटली तीच. तिसऱ्या गुरुवारी मला काहीच काम नव्हतं. ऊन होतं आणि पायात नवी चप्पल होती. मी म्हटलं, "माय, गुडघा दुखतोय." माझा गुडघा दुखत नव्हता. तिनं लगेच वाकून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "निरगुडीचा पाला बांध. तकलीफ अंगावर काढू नको." दुसऱ्या दिवशी पाला घेऊन ग्रामपंचायतीत आली. मी तो घेतला.

त्यानंतरही ती विचारत राहिली, पण रोज नाही. मधूनच, कोणाच्या जन्माचं सांगून झालं, टोपण लागलं, की दारातून वळून म्हणायची, "गुरवारी जमंल का?" मी म्हणायची, "बघू." आणि डायरीत काम पुढच्या पानावर घ्यायची. लिहून ठेवलंय म्हणजे अर्धं काम झालं असं मला नेहमी वाटत आलेलं आहे.

मग ती यादी आली. आमच्या कामात रोज काहीतरी यादी मागतात. त्या दिवशी दुपारी बाराला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तक्ता आला: गावनिहाय स्मशानभूमी व दफनभूमी, गट क्रमांक, क्षेत्र, शेरा. चारपर्यंत पाठवा. माझी पाच गावं, म्हणजे पाच ओळी. चार भरल्या. पाचवी ओळ धावडखेड्याची.

या ओळीची एक सवय झालेली असते, ती आमच्यातल्या कोणालाही विचारा. प्रत्येक तक्त्यात बेचिराख गावाची ओळ असते आणि प्रत्येक रकान्यात एकच शब्द असतो. लोकसंख्या निरंक. नळजोडणी निरंक. शाळा निरंक. कुपोषित बालके निरंक. पहिल्या रकान्यात एकदा लिहायचं आणि तो कोपरा धरून शेवटपर्यंत ओढायचा, सगळी ओळ भरते. वर्षानुवर्षं मी ती ओळ वाचलेलीही नव्हती.

त्या दिवशी मात्र मी ती वाचली. हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या रकान्यात निरंक लिहिलं, कोपरा धरला आणि बोट थांबलं. मला चुना लावलेले दगड दिसले. पण नोंद करायची तर गट क्रमांकातला नेमका भाग हवा, क्षेत्र हवं, म्हणजे जाऊन बघायला हवं. निदान शेऱ्यात दोन शब्द टाकता आले असते. कोणी फोन करून विचारलं असतं, त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. साडेतीन वाजले होते. मी बोट ओढलं, यादी पाठवली आणि डायरीत लिहिलं, "धावडखेडा, दुरुस्ती करणे." पेनाला टोपण लावलं.

काही महिन्यांनी त्या गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प ठरला. ग्रामसभेचा ठराव हवा होता. प्रस्तावाच्या मागे माझीच यादी जोडलेली होती. मला अजूनही सांगता आलं असतं. मी स्वतःला समजावलं की गायरान केवढं, ते दगड एका कडेला, तिथपर्यंत कोण जाणार. ग्रामसभेत ठराव मीच वाचला: मौजे धावडखेडा, अमुक गट, अमुक क्षेत्र. सकरीमाय मागे बायकांत बसली होती. जुना तांडा हे शब्द माझ्या वाचनात कुठंच नव्हते. कागदावरचं नाव माहीत असलेल्या सरपंचांनी मान खाली घातली होती, ते वर बघत नव्हते. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले, आणि त्यात तिचाही हात होता. मी वाचतेय, म्हणजे ते बरोबरच असणार, म्हणून तिनं हात वर केला होता. मी हात मोजले. तिचाही मोजला.

मशीन आलं ते सकाळीच. रामरावांचा फोन आला, "मॅडम, या लवकर. ती मशीनच्या पुढं बसलीय." मी पोचले तोवर उतार सपाट झाला होता. कडुलिंब उपटून बाजूला टाकलेले. दगड एका टोकाला ढकलून त्यांचा ढीग केलेला. ती आली होती तेव्हा काम बहुतेक संपलं होतं, आणि तरी ती मशीनपुढं बसून होती. मशीनचा चालक परमुलखातला, घाबरलेला. "मॅडम, हमने पूछा था. पेपर में लिखा है कुछ नहीं है." त्यानं कंपनीच्या साहेबाकडचा कागद आणून मला दाखवला, जणू मला तो माहीत नव्हता.

सकरीमाय उठली. फेटियाच्या घेराला लागलेली माती तिनं झटकली नाही.

"काय लिव्हलंय, भाऊसाहेब?"

"निरंक."

"म्हंजी?"

"म्हणजे... इथं काही नाही."

"कोणी लिव्हलं?"

"मी."

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, उजव्या हाताकडे बघत होती. तिनं विचारलं, "टोपण लावलं व्हतं का?"

मी हो म्हणाले.

मला वाटलं आता ती ओरडेल. रामराव दोन पावलं पुढे आले होते, कदाचित तिला धरायला. ती एवढंच म्हणाली, "बरं. आता तर आलीस. चल."

आणि ती चालू लागली. मी डायरी काढली, पेन काढलं आणि तिच्या मागे निघाले. सपाट केलेल्या भुसभुशीत मातीत आमचे पाय रुतत होते. "गोमा," ती म्हणाली. मी लिहिलं. चार पावलं. "लालूची तुळशी." लिहिलं. "इथं एक पोर. तिचं नाव ठिवायच्या आदीच गेली." लिहिलं. मग तिचा आवाज जरा खाली आला. "मपला खेमा." लिहिलं. तिनं पाऊल उचललं, ठेवलं, परत उचललं. उजवीकडे गेली, डावीकडे आली. मागे फिरून गोमापासून पुन्हा सुरुवात केली. गोमा, तुळशी, बिननावाची, खेमा. आणि पुन्हा थांबली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर तुळशीच्या आधीच अडकली.

"पायाला लागंना, भाऊसाहेब," ती म्हणाली.

तिचं दुसरं मूल पुढच्या ओळीत होतं. मुलगी. तिचं नाव ती त्या दिवशी सांगू शकली नाही. आईला मुलीचं नाव आठवत नाही असं होत नसतं. ते तिला माहीत असणारच. पण रांगेतून बाहेर काढून, एकटंच, ते तिला उच्चारता आलं नाही. मी विचारलं नाही. डायरीत नंबर चारपर्यंतच आहेत. पाच नंबर मी घालून ठेवला होता, त्याच्यापुढे कोरं आहे.

दुरुस्तीचं पत्र मी दुसऱ्याच दिवशी पाठवलं. आठवड्यानं वरून फोन आला. बोलणारा माणूस सौम्य होता. म्हणाला, "मॅडम, आता तिथं काही आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग यादी बरोबर आहे ना. दुरुस्ती कशाची करायची?"

मला वाटलं होतं ती आता ग्रामपंचायतीत येणार नाही. पंधरा दिवसांनी ती आली. दारात उभी राहिली. माझं पेन टेबलावर होतं. मी घाईनं उचललं, पण ती त्याआधीच बोलायला लागली होती. "वाल्मीकला पोरगा झाला. परवा." आणि वळली. मी म्हटलं, "माय, लिहिते, थांबा." ती थांबली नाही. त्यानंतर ती अशीच यायची. सांगायची आणि जायची. पेनाकडे बघायची नाही, आणि लिव्ह म्हणायची नाही. रजिस्टर पूर्वीइतकंच वेळेवर भरत होतं. बैठकीत पुन्हा माझं नाव घेतलं गेलं. तेव्हा मी उभी राहिले नाही, एवढंच. त्याचा कोणाला काय उपयोग?

या पौषात ती गेली. मला कळलं चौथ्या दिवशी. तांड्यातली बातमी मला एवढी उशिरा कधी कळली नव्हती. सांगायला येणारीच गेली होती. तिला ओढ्याकाठी जाळलं. नोंद मी केली: नाव, नवऱ्याचं नाव, अंदाजे वय, मृत्यूचे ठिकाण.

तिला शेवटची पाहिली ती त्याआधी, दिवाळीला चार दिवस असताना. मी स्कूटीवरून, प्रकल्पासाठी झालेल्या नव्या रस्त्यानं, तालुक्याला निघाले होते. प्रकल्पाच्या तारेच्या कुंपणाबाहेर तो दगडांचा ढीग अजून तसाच होता आणि सकरीमाय त्याच्यापाशी बसली होती. दगड निवडत होती. लहान एकीकडे, मोठे एकीकडे. बाजूला डबड्यात चुना कालवलेला. पाच-सहा दगड पांढरे झाले होते.

मी स्कूटी लावून जवळ गेले. "ओळखू येतात का, माय?"

"हा खेमाचा." तिनं एकावर हात ठेवला. "खालून फुटका हाय, बघ. मालकानं आणताना पाडला व्हता." बाकीच्यांकडे तिनं नुसतं पाहिलं. "हे बाकीचे कळंनात. लावते समद्यायला. कोणाचे तर असतीलच."

मी पर्समधून डायरी काढली. पेनाचं टोपण काढलं. ती बघत होती.

"आज गुरवार हाय का?"

"नाही. मंगळवार."

"मग जा तू. तुला काम असंल." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, असता तर बरं झालं असतं. तिनं शेजारची प्लास्टिकची बाटली उचलून माझ्यापुढे केली. "ऊन लई हाय. पाणी पिऊन जा."

मी पाणी प्याले. अकराला बैठक होती. मी टोपण लावलं आणि गेले.